शिकवायला लागले आणि माझंच नाचणं हरवलं. कुणाला असा अनुभव आहे का?

गिरकी

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहूनच टाकते. लांबलंय, सांभाळून घ्या.

वय ४७. १९ वर्षं हिशेबाचं काम केलं, म्हणजे दिवसभर खुर्ची, स्क्रीन आणि पुढे काढलेली मान. ४१ व्या वर्षी डावा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर ज्यांनी भोगलाय त्यांना वेगळं सांगायला नको. हात मागे नेऊन केस बांधता येईनात, रात्री कुशीवर वळलं की कळ यायची. व्यायाम करून करून हात थोडा वर जायला लागला, पण तो हात माझा वाटत नव्हता, उसना आणल्यासारखा वाटायचा. कुणीतरी सुचवलं म्हणून सजग नृत्याच्या एका वर्गाला गेले. आरसा नाही, स्टेप नाहीत, मोजणं नाही. बाई म्हणाल्या, 'खांद्याला जेवढं हलावंसं वाटतंय तेवढंच हलू द्या, आणि हलताना काय जाणवतं ते बघा.' मनात म्हटलं, हे काय भलतंच! तिसऱ्या आठवड्यात एका संथ सुरावटीवर डावा हात डोक्याच्या वर गेला. नेला मीच असणार, पण नेल्याचं आठवत नाही. नंतर बराच वेळ जिन्यात बसून होते.

मग तीन वर्षं तिथेच नाचले, वर्षभराचं प्रशिक्षण घेतलं, नोकरी सोडली आणि आता सव्वादोन वर्षं स्वतः शिकवतेय. आठवड्याला तीन वर्ग, प्रत्येकात १२ ते १४ माणसं. पहिली दहा मिनिटं उभं राहून नुसते तळपाय, मग एकेक सांधा, मग जोडीने, मग वीसेक मिनिटं मोकळा नाच आणि शेवटी जमिनीवर शांत पडून राहणं.

आता खरी गोष्ट. वर्ग चालू असताना माझ्या डोक्यात काय असतं? पुढचं गाणं नीट लागेल ना. कोपऱ्यातल्या काकांना कंटाळा आलाय का. तिने घड्याळाकडे पाहिलं. खिडकीतून उजेड डोळ्यांवर येतोय. गेल्या वेळी हेच वाक्य बोलले होते, आज दुसरं हवं. तोंडाने 'श्वास सोडा' म्हणते आणि स्वतः श्वास धरून उभी असते.

हे मला कळलं कसं, तर आवाज बसायला लागला म्हणून एका वर्गाचं रेकॉर्डिंग केलं. तासाभरात मी 'छान' हा शब्द ६३ वेळा म्हटला. हिशेबाची सवय, मोजल्याशिवाय राहवलं नाही. 'सावकाश' ४१ वेळा, आणि ते इतक्या घाईत की ऐकणाऱ्याला पळावंसं वाटावं. दोन वाक्यांच्या मध्ये माझा श्वास आत ओढल्याचा आवाज येतो, बुडणारं माणूस वर आल्यावर घेतं तसा.

तरीही मी इथे लिहिलं नसतं. गेल्या महिन्यात एक बाई वर्ग संपल्यावर थांबल्या. म्हणाल्या, 'इथे आलं की तासभर मी कुणाची कुणी नसते. फक्त असते.' मी हसले, बरं वाटलं म्हणाले. घरी पोचेपर्यंत लक्षात आलं की मला बरं वाटलेलं नाही, मला त्यांचा हेवा वाटतोय. त्या जिथे जाऊन येतात तिथे मी सव्वादोन वर्षांत एकदाही गेलेले नाही. दार मी उघडून धरते, लोक आत जातात, आणि मी आपली दाराशी.

घरी एकटीने नाचून पाहिलं. दोन मिनिटांत डोकं 'हे जोडीच्या भागात छान बसेल' म्हणून टिपणं काढायला लागतं.

तर प्रश्न असा, की हे सगळ्यांचंच होतं का? वर्ग कमी करू, की थांबवूच? की वर्गात मीही डोळे मिटून सगळ्यांबरोबर नाचू? 'स्वतःची काळजी घ्या' एवढंच सांगणार असाल तर नका सांगू, ते मीच दर वर्गाच्या शेवटी सांगते.

---

मागची_रांग

६३ वेळा छान! मी अशाच एका वर्गाला जाते (तुमच्या नाही, घाबरू नका). विद्यार्थ्याच्या बाजूने एक सांगते. बाई 'छान' म्हणाल्या की आम्ही लगेच डोळे उघडून बघतो, छान कोणाचं चाललंय ते. आणि आपलं नसलं की संपलं.

बाकी मोठी माणसं लिहितीलच.

---

जुनी_खोड

गिरकी, अगं म्हटलं तर चालेल ना? मी ६४ ची, आणि २६ वर्षं हेच करतेय.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो खड्डा मी स्वतः खणून त्यात पडलेली आहे. मलाही शिकवायला लागून तिसऱ्या वर्षी असंच कोरडं वाटायला लागलं. मी उपाय काढला, वर्गात आपणही मनसोक्त नाचायचं. चार महिने नाचले. मजा आली, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस एक वयस्कर बाई निघताना म्हणाल्या, 'आज तुम्ही फार सुंदर नाचलात हो.' चपराकच बसली. माझा वर्ग प्रेक्षक होऊन बसला होता आणि मला पत्ता नव्हता. त्याच काळात एकीचा पाय मुरगळला, तेव्हा मी डोळे मिटून हात पसरून उभी होते. तेव्हा डोळे मिटून नाचायचं नाही. निदान तू एकटी शिकवत असशील तोवर नाही.

मग काय करायचं? मला वाट सापडली ती मेरी व्हाइटहाउस यांच्या कामात. त्या अमेरिकन नर्तकी, १९५० च्या दशकात त्यांनी एक पद्धत घडवायला सुरुवात केली, जी पुढे 'ऑथेंटिक मूव्हमेंट' म्हणून ओळखली गेली. मांडणी अगदी साधी. एक जण डोळे मिटून आतून जे येईल तसं हलतो, दुसरा बाजूला बसून पाहतो. त्या पाहणाऱ्याला साक्षी म्हणतात. जॅनेट अ‍ॅडलर या त्यांच्या शिष्येने पुढे या साक्षीच्या बाजूवर आयुष्यभर काम केलं. गंमत कुठे आहे बघ. साक्षी म्हणजे राखणदार नाही, परीक्षक नाही. समोरचा काय करतोय हे त्याने पाहायचंच, पण ते पाहताना आपल्या आत काय होतंय, पोट आवळलं का, पाय सरसावले का, कंटाळा आला का, तेही पाहायचं. म्हणजे पाहणं ही साक्षीची स्वतःची साधना आहे, दुसऱ्याच्या साधनेवरचा पहारा नव्हे.

मी हे एका कार्यशाळेत पहिल्यांदा केलं तेव्हा वीस मिनिटं एका अनोळखी माणसाला नुसतं पाहत बसले. तो जवळजवळ हललाच नाही, एक हात गुडघ्यावरून उचलून परत ठेवला, बस. आणि माझ्या पाठीचा कणा असा सैल झाला की बोलायची सोय नाही. नाचले मी नव्हतेच. तेव्हा कळलं की मी इतकी वर्षं वर्गाकडे पाहत नव्हते, वर्ग तपासत होते.

तू दाराशी उभी आहेस म्हणतेस ना? तुला आत जायची गरज नाही गं. दाराशी उभं राहतानाही आपले पाय आपल्याच खाली असतात. तेवढं सांभाळ. मी आजही एखाद्या विद्यार्थ्याकडे नजर टाकण्याआधी आपली डावी टाच जाणवतेय का बघते. टाच, मग माणूस. तासाभरात हे पन्नासेकदा होतं. कुणाला कळतही नाही.

दुसरं, बडबड. (माफ कर, पण ६३!) मोशे फेल्डेनक्राइस यांचं नाव प्रशिक्षणात ऐकलं असशील. मूळचे इंजिनिअर, ज्युदो खेळणारे, गुडघा दुखावल्यावर स्वतःच्याच हालचालींचा अभ्यास करत बसले. त्यांच्या गटातल्या धड्यांमध्ये शिकवणारा सहसा करून दाखवत नाही, फक्त तोंडी सांगतो. का, तर दाखवलं की शिकणारा नक्कल करतो आणि आपल्या अंगाकडे बघायचं विसरतो. मी त्यातून एक नियम उचलला आणि स्वतःला लावला. एक सूचना द्यायची, मग आपले तीन पूर्ण उच्छ्वास होईपर्यंत तोंड बंद. पहिल्या वर्गात ते तीन उच्छ्वास मला तीन वर्षांसारखे वाटले. लोकांना काहीच वाटलं नाही. उलट एकाने विचारलं, 'आज गाणी बदललीत का?' गाणी तीच होती.

तिसरं, घरचं नाचणं. त्या वेळात काहीही सुचलं तरी वहीत लिहायचं नाही. विसरलं तर विसरलं. पहिले काही दिवस जीव तळमळेल, चांगलं काहीतरी वाया जातंय असं वाटेल. जाऊ दे वाया. माझ्याकडे एक गाणं आहे जे मी आजवर एकाही वर्गात वाजवलेलं नाही. ते माझं.

आणि हेवा. त्याची लाज वाटून घेऊ नकोस. मॅरियन चेस यांचं नाव घेऊन हा मुद्दा संपवते. वॉशिंग्टनमध्ये त्यांचा नृत्यवर्ग होता. त्यांच्या लक्षात आलं की बरीच माणसं येतात ती नर्तक व्हायला नाहीच, दुसऱ्याच कशासाठी तरी येतात. त्यांनी मग ते 'दुसरंच काहीतरी' धरून शिकवायला सुरुवात केली. पुढे १९४२ मध्ये त्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात रुग्णांबरोबर काम करू लागल्या आणि १९६६ मध्ये अमेरिकेत नृत्योपचारकांची संघटना उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्यांची रीत काय होती? रुग्ण जे करतोय, समज नुसती बोटं आपटतोय, तेच आपल्या अंगात घ्यायचं आणि त्याला परत द्यायचं. शिकवायचं नाही, आधी घ्यायचं. तू गेली सव्वादोन वर्षं देतच सुटली आहेस. वर्गाकडून घेतलंस काय?

एक सावधगिरी. हे सगळे उपचारक होते किंवा त्या वाटेवरचे. तू आणि मी नाही. वर्गात कुणी रडलं तर शेजारी बसावं, पाणी द्यावं, थांबावंसं वाटतं की बाहेर जावंसं वाटतं ते विचारावं. का रडलात हे खोदत बसू नये. माझ्याकडे एकदा एक तरुण मुलगा सलग तीन वर्गांत शेवटी पडून राहिला की हुंदके द्यायचा. मी त्याला समुपदेशकाकडे पाठवलं आणि नंतर आठवडाभर वाटत राहिलं की आपण त्याला ढकलून दिलं. आता तसं वाटत नाही.

---

काटकोन

मी नाचत नाही. 'सजग' हा शब्द ऐकला की माझी भुवई आपोआप वर जाते. सजग चालणं, सजग भांडी घासणं, उद्या सजग जांभई येईल. तरी लिहितो, कारण बाबांना पार्किन्सन आहे आणि दर आठवड्याला मी त्यांना अशाच एका वर्गाला घेऊन जातो. मी मागे खुर्चीत बसून असतो.

ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये पार्किन्सन असलेल्यांसाठी वर्ग सुरू केले, त्या धर्तीवरचा हा वर्ग आहे. बराचसा भाग खुर्चीत बसून, उरलेला खुर्चीच्या आधाराने. बाबांचे पाय दाराच्या चौकटीपाशी जमिनीला चिकटल्यासारखे होतात. ठेका चालू असला तर त्याच चौकटीतून ते कधीकधी सरळ निघून जातात. यात जादू नाही. बाहेरचा ताल हा मेंदूला मिळालेला आधार असतो, हे या आजाराच्या फिजिओथेरपीत नेहमी वापरतात. वर्ग संपला की आजार तसाच्या तसा घरी येतो.

पण सांगायचं होतं ते तिथल्या बाईंबद्दल. त्या वर्गात आनंदी दिसतात असं मी म्हणणार नाही. त्या कामात असलेल्या माणसासारख्या दिसतात. बाबांचा हात थरथरला की त्यांची नजर तिथे जाते, थांबते, आणि घाई न करता पुढे सरकते. मला वाटतं, बाबा तिथे जातात ते त्या नजरेसाठी.

गिरकी, एक आगाऊ प्रश्न. १९ वर्षं हिशेब केलात, तेव्हा दर तासाला आनंद मिळतोय का असं स्वतःला विचारत होतात का? मग या कामालाच का हा दंड?

---

हाडवैद्य

मी फिजिओथेरपिस्ट. चर्चा छान चालली आहे (६४). थोडं विरजण घालतो.

आधी खांदा. फ्रोझन शोल्डर बऱ्याच जणांत एक ते तीन वर्षांत हळूहळू सैल होतोच, नाच करा वा न करा. तुमचा हात त्या दिवशी वर गेला याचा आनंद खरा आहे, मी तो हिरावून घेत नाही. पण वर्गात ही गोष्ट सांगत असाल तर नाचाने खांदा बरा झाला असं सांगू नका. कुणीतरी औषधं सोडून येईल.

तसंच ते स्मृतिभ्रंशाचं. नाचाच्या वर्गांच्या जाहिरातीत हमखास भेटतं, नाचणाऱ्यांना स्मृतिभ्रंश होत नाही. मूळ अभ्यास २००३ चा, न्यूयॉर्कमधला. ७५ च्या पुढच्या ४६९ लोकांना काही वर्षं पाहिलं. ११ शारीरिक छंदांपैकी एकट्या नाचाचा संबंध कमी धोक्याशी दिसला. संबंध, कारण नव्हे. ज्यांचा मेंदू आधीपासून ठणठणीत होता तेच नाचायला जात असतील, हीही शक्यता उरतेच. मला स्वतःला नाच आवडतो, म्हणूनच त्याच्या नावावर खोटी जमा नको. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते आणि वयस्करांना त्यासोबत आठवड्यातून तीन दिवस तोलाचे व्यायाम. नाचात दोन्ही होतात, दमछाक बोलता येईल पण गाता येणार नाही एवढी असली तर. एवढं सांगा, पुष्कळ झालं.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या लिहिण्यात मला जे दिसलं ते कुणी बोललं नाही म्हणून विचारतो. वर्गासमोर तोंड करून दाखवता ना? मग 'उजवा हात' म्हणताना स्वतः डावा उचलत असणार. आणि दाखवायला सुरुवात नेहमी त्यांच्या उजव्यानेच होत असणार. म्हणजे आठवड्यातून तीन दिवस, सव्वादोन वर्षं, तोच तुमचा जुना आखडलेला डावा खांदा आधी आणि जास्त वेळ वर. बोलणं उच्छ्वासावर होतं. हलता हलता सतत बोललं की पुढचा श्वास घाईने, मान आणि खांदे वर उचलून घेतला जातो. रेकॉर्डिंगमध्ये ऐकलंत तो आवाज हाच. तुम्ही ज्याला कोरडेपणा म्हणताय त्यातला थोडा भाग निव्वळ मान-खांद्याचा थकवा असू शकतो. मनाचा शोध घ्यायच्या आधी मानेला हात लावून बघा.

डोळे मिटण्याबद्दल जुनी_खोड यांच्याशी सहमत, आणि कारण आणखी एक. तोल आपण डोळे, कानातला आतला भाग आणि तळपाय-सांध्यांकडून येणारी खबर या तिन्हींवर सांभाळतो. वय वाढलं की डोळ्यांवरचा भार वाढतो. साठीच्या माणसाला उभ्याने डोळे मिटायला लावलं की तीनपैकी एक खांब काढून घेतला. 'मिटा' म्हणू नका, 'हवं तर नजर खाली सोडा' म्हणा. पाय जमिनीला घट्ट चिकटलेला असताना गिरकी घेऊ नये (तुमचं नाव वाचून आठवलं), पीळ सगळा गुडघ्यात जातो. आणि शेवटी पडून राहिलेल्यांना थेट उभं करू नका, कुशीवर, मग बसून, मग उभं. रक्तदाब झटकन उतरून चक्कर येते.

---

मागची_रांग

हाडवैद्य, ते (६४) आवडलं.

मी मगाशी थट्टा करून पळाले, पण गिरकींचं दाराशी उभं राहणं डोक्यातून जाईना म्हणून परत आले. आमच्या बाईंचं एकदा गाणं लागेना. फोनशी खटपट करून त्यांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, 'आज राहू दे.' आणि पुढे काहीच नाही. सूचना नाही, ताल नाही. बारा माणसांचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज. कुणाचा तरी गुडघा कट् वाजला. मी हळूच बाईंकडे पाहिलं तर त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, तोंड किंचित उघडं, आमच्याकडे बघत. लहान मूल पाऊस बघतं तसं. मला तो वर्ग दोन वर्षांनंतरही आठवतो. त्यांना तो फसलेला वर्ग वाटत असेल, कुणास ठाऊक. आम्ही कुणी त्यांना सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

---

गिरकी

पाच आठवड्यांनी येतेय. सगळ्यांना वेगवेगळं लिहायचं होतं, जमलं नाही.

हाडवैद्य, मानेला हात लावला. दगड. डावीकडे जास्त. आरशासमोर दाखवून पाहिलं तर तुम्ही म्हणालात तसंच, प्रत्येक वेळी डावा हात आधी. आता एका वर्गात सुरुवात त्यांच्या डावीकडून करते, दुसऱ्यात पाठ करून उभी राहते, आणि बरंचसं दाखवतच नाही. खांद्याची गोष्ट वर्गात सांगायचे, हो. बंद केलीय.

काटकोन, तुमच्या प्रश्नावर रागावले होते. दोन दिवस. उत्तर असं आहे की हिशेब करताना मी आनंद मागत नव्हते, म्हणून तर सोडलं. पण तुम्ही लिहिलेली ती घाई न करणारी नजर मात्र मी उचलली आहे. बाबांना नमस्कार सांगा.

खोडताई, तीन उच्छ्वास. पहिल्या वर्गात दुसऱ्या उच्छ्वासाला मी फुटलेच आणि 'सावकाश' म्हणाले. तिसऱ्या-चौथ्या वर्गापासून जमायला लागलं. टाचेचं मात्र लगेच जमलं, का कोण जाणे. परत रेकॉर्डिंग केलं, छान ११. पैकी चार तरी खरे होते.

हेवा अजून आहे. एकदम गेला असं सांगितलं तर तुम्हीही विश्वास ठेवणार नाही. घरी दोनदा नाचले, एकदा टिपणं सुरू झाली, एकदा नाही. वर्ग तीनाचे दोन केले, ते मानेसाठी.

गेल्या गुरुवारचं तेवढं सांगते. कोपऱ्यातले काका, ज्यांना कंटाळा येतो असं मी धरून चालले होते, ते मोकळ्या नाचात नेहमीसारखे एका जागी उभे होते. मी टाच बघितली, मग त्यांना बघितलं, आणि या वेळी बघतच राहिले. ते उभे नव्हते. डाव्या पायावरून उजव्या पायावर वजन नेत होते, इतकं सावकाश की एका फेरीला अख्खं मिनिट लागत असेल. मी 'सावकाश' म्हणते ना, ते त्या खोलीत फक्त त्यांनी ऐकलं होतं. सव्वादोन वर्षं बहुतेक हेच करत असणार. मी कंटाळा म्हणून नोंद केली होती.

भिंतीशी उभ्या उभ्या माझंही वजन त्यांच्याबरोबर सरकायला लागलं. किती वेळ ते ठाऊक नाही, कारण गाणं संपल्याचं मला कळलं नाही. एका मुलीने येऊन हळूच विचारलं, 'ताई, पुढचं लावू का?'

मी म्हटलं, थांब जरा.